घट्ट बांधलेली बोट

गॅलरीतल्या कूलरवरची जुनी चादर निघाली की आमच्या अमरावतीत परीक्षा आल्या असं समजावं. पळस फुलतो तो चिखलदऱ्याच्या वाटेवर. परीक्षेच्या दिवसांत त्याला बघायला सवड कोणाला? आम्हाला मार्च कळतो तो नाकानं. वाळ्याच्या नव्या ताट्या, गंजलेल्या टाकीत पडलेलं पहिलं पाणी, पंप सुरू होताना येणारा तो ओला-जळकट वास. लोकांना त्या वासानं गाढ झोप लागते. मला राग येतो. इतकी वर्षं झाली तरी येतो. माझा नवरा म्हणतो, कूलरवर काय रागावतेस? मी रागावते. कारण एका मार्चमध्ये त्या टाकीत माझी युद्धनौका तरंगत होती.

हसा खुशाल. तेव्हाही सगळे हसलेच होते. माझं इंजिनीअरिंगचं शेवटचं वर्ष होतं आणि समुद्रकाठच्या एका शहरात विद्यार्थ्यांची स्पर्धा होती. छोट्या युद्धनौकेचा आराखडा करायचा, तिची प्रतिकृती बांधायची, ती बंदरात उभी आहे अशी मांडायची आणि परीक्षकांच्या प्रश्नांना तोंड द्यायचं. निवड झाली तर उन्हाळाभर जहाजबांधणीच्या गोदीत काम शिकायला मिळणार होतं. मला तेवढंच हवं होतं. बाकी काही म्हणजे काही नको होतं. बाबा म्हणाले, "जिनं पूर्णेच्या पुराशिवाय मोठं पाणी पाहिलं नाही, ते पोट्टी जहाजं कायची बांधते?" पण त्यांनी एक अट घालून परवानगी दिली. निवड झाली तर जा. नाही झाली तर इथंच कुठं तरी शिकवायची नोकरी धर, आणि आम्हाला स्थळं पाहू दे. मी हो म्हणाले. अट मान्य करताना मला जरासुद्धा भीती वाटली नाही, कारण माझ्याकडे वसंतमामा होते.

वसंतमामा म्हणजे माझ्या आईचे थोरले भाऊ. दर्यापूरच्या पुढं त्यांचं शेत. गावात त्यांना कोणी नावानं हाक मारत नसे, 'नेव्हीवाले' म्हणत. तरुणपणी ते एका क्षेपणास्त्र सोडणाऱ्या छोट्या बोटीवर होते, आणि त्या बोटीचं नाव आमच्या घरात कुलदैवतासारखं घेतलं जायचं. लहानपणी उन्हाळ्यात ते आले की ओसरीवर पोरांचा गराडा पडायचा. पांढराशुभ्र सदरा, बारीक कापलेले केस, आणि बोलायला लागले की हातवारे असे की बोट समोर दिसावी. आमच्याकडे मामा भाचीच्या पाया पडतो. पुण्याच्या माझ्या जावेला हे सांगितलं तर तिला अजूनही खोटं वाटतं. पण मला आठवतं तेव्हापासून हा उंचापुरा, समुद्र पाहिलेला माणूस आल्याबरोबर वाकून माझ्या धुळीनं भरलेल्या पायांना हात लावायचा, आणि मला गुदगुल्या व्हायच्या.

छोटी युद्धनौका म्हणजे मोठ्या युद्धनौकेची लहान आवृत्ती नव्हे, हे मला मामांनी शिकवलं. मोठं जहाज सगळं बरोबर घेऊन निघतं. महिनोन् महिन्यांचं अन्न, इंधन, विमानं, दवाखाना. छोट्या बोटीला निवड करावी लागते. "जास्त बंदुका पाहिजेत त तेल कमी ने. दूर जायचं असन त वेग इसर. सारंच पाहिजे म्हणशीन त बुडशीन." तिचं काम किनाऱ्याजवळचं. जिथं मोठ्या जहाजाचं पोट तळाला घासेल त्या उथळ पाण्यात तिनं फिरायचं. पाणबुडीच्या मागावर राहायचं, बंदराची राखण करायची, नाही तर अचानक पुढं येऊन एकच घाव घालायचा आणि शत्रू सावरायच्या आत दिसेनासं व्हायचं. किंमत कमी, माणसं कमी, धाडस मात्र जास्त. मला ती बोट तेव्हाच आवडली. मोठ्या शहरांतल्या मोठ्या कॉलेजांच्या पोरांपुढं आपण तशाच आहोत, असं वाटायचं.

वजनाचा धडा त्यांनी कपाशीच्या ट्रॉलीवर दिला. "ट्रॉलीत उंच कपाशी रचली, वरतून चार माणसं बसली. वळणावर काय होते?"

"पलटी."

"मंग! बोटीचं बी तेच हाय."

प्रत्येक नव्या साहेबाला बोटीवर एक नवी वस्तू हवी असते. एक रडार, एक तोफ, एक उंच डोलकाठी. आणि प्रत्येक वस्तूला लांबचं दिसावं म्हणून वरच बसायचं असतं. होता होता बोटीचं डोकं जड होतं, आणि मग एका लाटेवर कलली की ती परत उभी राहायला फार वेळ लावते. म्हणून खालचं अंग पोलादाचं आणि वरचं हलक्या धातूचं. माझ्या सरांनी हीच गोष्ट फळा भरभरून समीकरणं लिहून सांगितली होती. सरांची काही चूक नाही, पण मला ती कळली कपाशीच्या ट्रॉलीवरून.

मार्चभर मी तेलाच्या डब्यांचा पत्रा कापत होते. प्लायवूडच्या बरगड्या, त्यावर पत्रा, सांध्यांना डाग. बोटं भाजली, नखं काळी झाली. पेपर तोंडावर आले होते आणि मैत्रिणी झाडाखाली बसून पाठ करत होत्या, तेव्हा मी कूलरच्या टाकीत बोट सोडून तिच्या एका कडेला नटबोल्ट ठेवत होते आणि ती किती कलते ते दोऱ्याच्या ओळंब्यावर बघत होते. आई बादली घेऊन शेजारी उभी. "अवं, मले कूलर चालू करू दे! तुह्या बाबाच्या पाठीवर घामोळ्या आल्या." मी म्हणायची, थांब ना आई, पाणी हलवू नको. मग ती बिचारी बादली खाली ठेवून माझ्याकडे बघत बसायची. बराच वेळ बघायची. मला वाटायचं, कौतुकानं बघते आहे.

मामा आठवड्यातून एकदा यायचे, मांडी घालून टाकीपाशी बसायचे आणि चुका काढायचे. बाजूच्या भिंती सरळ केल्या होत्या, त्या त्यांनी तिरप्या करायला लावल्या. रडारची लाट सरळ भिंतीवर आपटली तर परत जाऊन चुगली करते. तिरप्या भिंतीवर आपटली तर भलतीकडेच जाते, आणि शत्रूला वाटतं, तिथं काही नाहीच. किती सुंदर युक्ती आहे! मी मामांना विचारत असे, तुम्हाला भीती वाटायची का? उलटी व्हायची का? रात्री कुठं झोपायचे? ते हसून म्हणायचे, "ते जाऊ दे. डोलकाठी किती उंच ठेवली ते सांग." मला वाटायचं, फौजेतली माणसं अशीच असतात, स्वतःबद्दल बोलत नाहीत.

क्षेपणास्त्राची गोष्ट मात्र त्यांनी सांगितली आणि ती माझ्या मनात रुतून बसली आहे. छोटी बोट पाण्याला टेकून असते, तिचे डोळे खाली. पृथ्वी गोल, त्यामुळे तिला फार लांबचं दिसत नाही. पण तिच्या पाठीवरचं क्षेपणास्त्र मात्र तिच्या नजरेच्या पार पलीकडे जातं. मग निशाणा धरायचा कसा? दुसऱ्या कोणाच्या तरी डोळ्यांनी. वर विमान असतं, लांब दुसरं जहाज असतं, ते सांगतं, अमुक ठिकाणी आहे, मार. आणि तिनं न बघता मारायचं. "इश्वासावर," मामा म्हणाले. "साऱ्या बोटीचं काम इश्वासावर हाय." हे बोलताना त्यांचा आवाज कसा होता, ते मी नंतर कितीदा तरी आठवून पाहिलं. अगदी साधा होता. जरासाही अडखळला नव्हता.

शेवटची चाचणी त्यांच्या शेततळ्यात करायची ठरली. बोट मांडीवर घेऊन मी दर्यापूरच्या काळीपिवळीत बसले. शेजारच्या आजीबाईंच्या मांडीवर मेथीची जुडी. त्यांनी बराच वेळ न्याहाळून विचारलं, "हे काय व्हय वं?"

"युद्धनौका आहे आजी."

"अन् दर्यापूरले कायले नेऊन राहिली? तिथं कोणतं युद्ध हाय?"

अख्खी जीप हसली. मीही हसले. काय आनंदात होते मी त्या दिवशी!

तिकडचं पाणी खारं. पूर्णेकाठचा तो सगळा पट्टाच तसा. विहीर खणा, बोअर मारा, खारटच लागतं. चहा नासतो, डाळ शिजत नाही. शेततळ्यातही मामांनी तेच बोअरचं पाणी सोडलं होतं. त्यांनी ओंजळीत घेऊन मला चाखायला लावलं आणि म्हणाले, "कधी काळी समुद्र इथंच व्हता. मंग आपल्याले सोडून गेला." ते मला इतकं खरं वाटलं की माझे डोळे भरून आले. बोट अलगद पाण्यात सोडली तेव्हा ती बरोबर आखलेल्या रेघेपर्यंत बुडाली. मामांनी टाळ्या वाजवल्या. मग बंदराची मांडणी. उथळ काचेचा ट्रे, त्यात पाणी, एका बाजूला सिमेंटचा धक्का, धक्क्याला लागून बोट. धक्का आणि बोटीचा काठ अगदी एका पातळीत, एका खोलीतून दुसऱ्या खोलीत पाय टाकावा तसा. दोर म्हणून मेण लावलेला काळा दोरा. ते मामांनी स्वतःच्या हातानं बांधले. पुढून, मागून, मधून, आवळून आवळून, की बोट तसूभर हलू नये.

"इतके घट्ट, मामा?"

"ढिला दोर म्हणजे ढिला खलाशी," ते म्हणाले.

निघायच्या दिवशी ते मुद्दाम अमरावतीला आले. रेल्वे स्टेशनवर भर गर्दीत वाकले आणि माझ्या पायांना हात लावला. म्हणाले, "भेवू नको. माहं नाव सांगजो सायेबाले. बोटीचं बी सांगजो." आई शेजारीच उभी होती. तिनं तेव्हा खिडकीतून माझा हात धरला होता आणि गाडी हलली तरी सोडला नव्हता. मला तेव्हाच काही तरी कळायला हवं होतं का? पण आपल्या माणसांकडे कोण संशयानं बघतं? शत्रूसाठी रडार असतं, मामासाठी नसतं.

तिथलं सभागृह, पोरांच्या चकचकीत प्रतिकृती, दमट हवेनं अंगाला चिकटलेला ड्रेस. सगळं धूसर झालं आहे. एकच माणूस स्वच्छ आठवतो. परीक्षकांत एक निवृत्त नौदल अधिकारी होते, पिकलेल्या भिवयांचे, मराठी बोलणारे. माझ्या टेबलापाशी ते खूप वेळ थांबले. वजनाचं विचारलं, उत्तर दिलं. तिरप्या भिंतींचं विचारलं, दिलं. डोलकाठी बुटकी का, इंधन कमी का, सगळं सांगितलं. ते मान डोलवत होते. बाकीचे परीक्षक पुढं सरकायला लागले होते. मला वाटलं, झालं, जिंकलं आपण. मग त्यांनी खाली वाकून बोटीचे दोर पाहिले. एका दोराला करंगळीनं टिचकी मारली. तो तारेसारखा ताठ होता.

"संध्याकाळी या बोटीचं काय होईल?" त्यांनी विचारलं.

मला प्रश्नच कळला नाही.

"आता भरती आहे असं धरू. संध्याकाळी पाणी उतरेल. धक्का उतरणार नाही, दोर उतरणार नाहीत. बोट लटकेल की!"

भरती-ओहोटी मला माहीत नव्हती का? होती हो. चंद्राच्या आकर्षणामुळे होते. शाळेत दोन गुणांना असायची. पण पाणी उतरतं म्हणजे पायाखालची जागा उतरते, बंदरातला माणूस दिवसभर दोर सोडतो आणि ओढतो, हे आमच्यापैकी कोणाला माहीत असणार? आमच्या विहिरीचं पाणी उन्हाळ्यात उतरतं आणि पावसाळ्यात चढतं. दुपारी उतरून रात्री चढणारं पाणी आमच्या चौदा पिढ्यांत कोणी पाहिलं नाही. अख्ख्या घरानं, अख्ख्या गावानं ती मांडणी बघितली, वाहवा केली, आणि एकालाही खटकलं नाही.

साहेब हसले. चांगलं हसले, टर उडवणारं नव्हतं. "कुठून आलात?"

"अमरावती."

"मग बरोबर आहे. समुद्र नसलेल्या गावची चूक आहे ही, चालायचंच."

आणि मला ते लागलं. समुद्र नसलेलं गाव? मी ताठ मानेनं म्हणाले, "सर, हे दोर माझ्या मामांनी बांधलेत. ते नौदलात होते." आणि बोटीचं नाव सांगितलं. वर्षं सांगितली. मामांचं नाव सांगितलं. त्यांनीच सांगितलं होतं ना, सांगजो म्हणून.

साहेबांच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू गेलं. "त्या वर्षांत त्या बोटीवर मी होतो," ते म्हणाले. "छोटी बोट होती ती, बाळ. आम्ही तिथं एकमेकांना घोरण्यावरूनसुद्धा ओळखायचो."

मोठ्या जहाजावर एक खोटं नाव कदाचित लपलं असतं. शेकडो माणसं, कोण कोणाला ओळखतो? छोट्या बोटीवर लपायला जागाच नसते. साहेबांनी माझा चेहरा पाहिला असावा. ते पटकन म्हणाले, "दुसऱ्या बोटीवर असतील. नावात गफलत होते." पण त्यांच्या शेजारच्या परीक्षकबाईंनी माझ्या फलकाकडे पाहिलं. त्यावर मीच मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, मार्गदर्शन निवृत्त नौसैनिकाचं. त्यांनी ओठ मुडपले. खोटारडी मी ठरले. मामा तेव्हा दर्यापुरात सावलीत बसले असतील. निवड झाली नाही.

घरी आले तेव्हा आई गच्चीवर कुरडया घालत होती. मी तिथंच, उन्हात, तिला सगळं सांगितलं. दोर, टिचकी, साहेबांचा प्रश्न शब्दनशब्द, परीक्षकबाईंचे ओठ. फक्त तिलाच सांगितलं. बाबांना नाही, मैत्रिणींना नाही. म्हटलं, आई, काही तरी चूक झाली असेल ना? मामांना फोन करू या. ते सांगतील त्या साहेबांना.

आईनं सोऱ्या खाली ठेवला. पदरानं हात पुसले. आणि म्हणाली, "मले माहीत व्हतं."

मग तिनं सांगितलं. मामा नौदलाच्या भरतीला गेले तेव्हा गावानं त्यांना बँड लावून, हार घालून वेशीपर्यंत पोचवलं होतं. तिथं डॉक्टरनं कान तपासला. कान वाहत होता, परत पाठवलं. हार घालणाऱ्या गावात परत कोणत्या तोंडानं यायचं? ते आलेच नाहीत. समुद्रापासून दूरच्या एका कारखान्याच्या नकाशाच्या खात्यात लागले. तिथं छोट्या बोटींचे आराखडे यायचे, त्यांच्या प्रती काढायचं काम. निवृत्त होईपर्यंत तेच केलं. सुट्टीत केस बारीक कापून, पांढरे कपडे घालून यायचे. आजोबा गेले ते आपला मुलगा समुद्रावर आहे असं समजूनच गेले.

"त्यानं कोणाचं काय बिघडवलं वं?" आई म्हणाली. "गोष्टीच त सांगे."

"माझं बिघडवलं."

"मले वाटलं, मामाचं कोण इचारते तिथं? एवढा मोठा समुद्र." मग तिनं पिठाच्या हातानं माझा हात धरला. "त्याले काही म्हणू नको. शपथ हाय तुले माही. तो जगणार नाही."

मी शपथ पाळली. गाढवासारखी पाळली.

मे महिन्यात मामा आले. वाकले, पायांना हात लावला, विचारलं, "काय झालं बाई तुह्या बोटीचं?" मी म्हणाले, नाही झालं. त्यांनी सुस्कारा सोडला. "वशिला लागते बापा तिथं." आईनं चहा आणला. मी उठून आत गेले. तेव्हापासून माझं हेच. त्यांनी बोटीची गोष्ट काढली की मला स्वयंपाकघरात काही तरी करपल्याचा वास येतो. नोकरी लागली, अकोल्याचं स्थळ आलं, लग्न झालं, काही वर्षांनी आम्ही बदली घेऊन परत अमरावतीला आलो. आज मी पोरांना पाण्याचा दाब आणि तरंगण्याचे नियम शिकवते. चांगली शिकवते, पोरं म्हणतात. दरवर्षी कपाशीच्या ट्रॉलीचं उदाहरण देते आणि दरवर्षी मध्येच अडते. बाई पाणी प्या, असं कोणी तरी म्हणतंच.

एक कळलंय मला. आराखड्यात पाण्याची रेघ एकच असते. पट्टी ठेवून काढलेली, सरळ. तिच्या खाली किती, वर किती, सगळं त्या एका रेघेपासून मोजतात. ती रेघ चढत नाही, उतरत नाही. मामांनी आयुष्यभर तेच पाणी पाहिलं होतं. बोटीबद्दल ते एक अक्षर खोटं बोलले नाहीत; पाण्याबद्दल त्यांना काही ठाऊकच नव्हतं. हे समजलं की त्यांची कीव येते. पण कीव आली म्हणून राग जातो असं कोणी सांगितलं? कान वाहत होता, पाठवलं परत, आलं असतं रडू, रडायचं होतं. माझ्या हातात ते दोर कशाला बांधून दिले? 'नाव सांगजो' कशाला म्हणाले? स्वतःच्या गोष्टीवर त्यांचाच विश्वास बसला होता की काय, की एवढ्या मोठ्या समुद्रात पोरीला खरं कळायचं नाही असा हिशेब होता? दोन्हींतलं कोणतं जास्त वाईट, मला अजून ठरवता येत नाही.

आणि आता हा मार्च. मामा थकलेत, डोळ्यांच्या तपासणीसाठी आमच्याकडे येऊन राहिले होते. आल्या आल्या वाकायला गेले, गुडघे वाजले. मी दरवर्षीसारखं "राहू द्या मामा" म्हणून अर्ध्यातच धरलं. दुसऱ्या दिवशी दुपारी मी गॅलरीत कूलरच्या ताट्यांत नवा वाळा भरत होते. बाबा गेल्यापासून आई माझ्याकडेच असते. ती शेजारी बादलीनं टाकी भरत होती. आत, खिडकीला लागून, मामा दिवाणावर आणि माझी नववीतली रेवा भूगोलाचं पुस्तक घेऊन. पंखा अजून सुरू केला नव्हता, त्यामुळे कूलरच्या रिकाम्या पेटीतून त्यांचा शब्दन् शब्द बाहेर येत होता. उठून जायला जागा नव्हती. हात वाळ्यात अडकलेले.

"ओहोटी आली का पाणी उतरते बेटा," मामा सांगत होते. "धक्का तिथंच, बोट खाली. दोर आवळून बांधला असन त बोट लटकन. म्हणून ढिला सोडा लागते, अन् एक माणूस दोरापाशी ठेवा लागते. नवे पोट्टे हेच चुकत. मंग आमचे सायेब येत, दोराले अशी टिचकी मारत, अन् इचारत, संध्याकाळी या बोटीचं काय होईल?"

माझे हात थांबले.

टिचकी. तोच प्रश्न, त्याच शब्दांत. त्या सभागृहाबाहेर हे दोनच माणसांना माहीत होतं. एक मी, आणि एक ती, जिला मी गच्चीवर उन्हात रडत रडत सांगितलं होतं. मला शपथ घालून गप्प केलं, आणि स्वतः जाऊन भावाला सांगितलं. कशासाठी? खडसावायला नव्हे. गोष्टीतलं भोक बुजवायला. माझी फजिती घेऊन त्यांनी आपल्या बोटीला ठिगळ लावलं, आणि इतकी वर्षं त्या ठिगळावर ती झोकात तरंगते आहे.

मी आईकडे पाहिलं. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. ती बादली ओतत होती, आणि पाणी टाकीच्या बाहेर पडत होतं.

आत रेवा विचारत होती, "मम्मीला माहीत आहे हे?"

"इचार तिले. तिले मीच त शिकवलं."

मी आत गेले. हातांना वाळ्याच्या काड्या चिकटलेल्या, कोपरापर्यंत ओल. रेवानं वर पाहिलं. मला वाटलं होतं मी ओरडेन. आवाज साधाच निघाला.

"नाही रेवा. हे मामांनी मला नाही शिकवलं. हे मी त्यांना शिकवलं."

मामांचा टिचकी मारायला वर केलेला हात तसाच राहिला. रेवा एकदा त्यांच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत होती. तिला मी सगळं सांगितलं, तिथंच, त्यांच्या समोर. स्पर्धा, दोर, फलक, वाहता कान, नकाशाचं खातं. आई दारात येऊन उभी राहिली. तिची शपथ मोडली, पण कोणाला काही झालं नाही. मामा जिवंत होते, चष्मा पुसत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते दर्यापूरच्या गाडीला निघाले. पिशवी खाली ठेवली आणि रीतीप्रमाणे माझ्यापुढं वाकायला लागले. हळूहळू, एक हात भिंतीला टेकून. आई मागून म्हणाली, "धर ना वं त्याले."

मी धरलं नाही. त्यांचा हात पायांना लागेपर्यंत उभी राहिले.